घरच्या टँकमध्ये कोरीडोरासची पैदास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोरीडोरास, म्हणजे दुकानात नुसतं 'कोरी' म्हणून मागितला जाणारा, तळाशी टोळीने फिरणारा छोटा कॅटफिश. हा मासा घरच्या टँकमध्ये बऱ्यापैकी सहज अंडी घालतो. अवघड असतात ते पुढचे तीन-चार आठवडे, आणि त्यात यश येणार की नाही हे बहुतेक वेळा टँकचा तळ ठरवतो. म्हणून खालच्या उत्तरांत तळ, वाळू, साफसफाई हे विषय पुन्हा पुन्हा येतील.

पहिल्यांदा पैदास करायची तर कोणती कोरी घ्यावी?

ब्राँझ कोरी. दुसरा विचार करू नका. २२ ते २७ अंश सेल्सिअसमध्ये ती खूश असते, खाण्याचे नखरे नाहीत आणि एका वेळी शंभराच्या वरही अंडी घालते. गुलाबी-पांढरी, लाल डोळ्यांची अल्बिनो कोरी बहुतेक वेळा हीच जात असते, त्यामुळे ती घेतली तरी चालेल.

पेपर्ड कोरीही तितकीच सोपी, पण तिला थंडावा लागतो. ही दक्षिण अमेरिकेच्या दक्षिणेकडची: अर्जेंटिना, उरुग्वे आणि त्याला लागून असलेला ब्राझीलचा भाग. बीगल जहाजाच्या सफरीत डार्विनने गोळा केलेल्या नमुन्यांवरून इंग्लिश निसर्गतज्ज्ञ जेनिन्सने १८४२ मध्ये तिचं वर्णन केलं, आणि त्याच शतकात पॅरिसमध्ये तिची काचपेटीत पैदासही झाली. पुणे-नाशिकच्या हिवाळ्यात ती मजेत राहते. नागपूर, अकोला, जळगावच्या एप्रिल-मेमध्ये मात्र तिचे हाल होतात. तिथे हौस असेल तर स्टर्बाई जातीची कोरी घ्या. महाग आहे, पण २८ अंशांपर्यंत तक्रार करत नाही.

पांडा कोरी सगळ्यांनाच आवडते. अंडी मोजकी आणि पिल्लं नाजूक, म्हणून ती दुसऱ्या फेरीसाठी ठेवा. पिग्मी कोरी जेमतेम अडीच सेंटीमीटरची, आणि तळ सोडून मधल्या पाण्यातही तरंगणारी. जागा कमी असलेल्यांसाठी उत्तम.

नावांचा एक घोळ लक्षात असू द्या. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी कोरीडोरास या मोठ्या प्रजातीचे अनेक तुकडे केले. त्यामुळे नव्या लिखाणात पेपर्ड, पांडा आणि स्टर्बाई 'हॉप्लिसोमा' या नावाखाली दिसतील. दुकानात जुनंच नाव चालतं.

किती मासे घ्यायचे? नर-मादी कशी ओळखायची?

एकाच जातीचे निदान सहा. जोडी आणून कोरीची पैदास होत नाही असं नाही, पण टोळीत ती निर्धास्त असते आणि निर्धास्त मासाच अंडी घालतो. एका मादीमागे दोन नर हे प्रमाण चांगलं.

ओळखायचं असेल तर वरून बघा. मादी पोटापाशी रुंद आणि अंगाने मोठी, नर सडपातळ. बाजूने बघून बरेच जण फसतात. दुकानातली पिल्लं वयात आलेली नसतात, त्यामुळे सहा-आठ लहान मासे घेऊन वाढवणं हा सगळ्यात खात्रीचा मार्ग. साधारण वर्षभरात ती तयार होतात.

घेताना मिशा तपासा. चारही बाजूंनी नीट, टोकदार मिशा असलेलाच मासा घ्या. झडलेल्या मिशांचा मासा जगतो, पण तो घाणेरड्या तळावर राहिलेला असतो आणि त्याला सावरायला महिने लागतात. रंग टोचलेले, अंगावर नक्षी काढलेले मासे कुणी दाखवले तर घेऊ नका. तो प्रकार क्रूर आहे आणि आपण विकत घेतो म्हणूनच चालतो.

टँक केवढा लागेल?

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. यात साधारण ५५ लिटर पाणी बसतं आणि सहा ब्राँझ कोरी आरामात राहतात. उंच टँकचा इथे उपयोग नाही. कोरीला लागतो तळाचा विस्तार. दुकानदार दीड फूट उंचीचा देखणा टँक पुढे करेल, त्याच पैशात तुम्ही लांबी मागा.

पाणी काठोकाठ भरू नका. कोरी अधूनमधून सर्रकन वर येऊन हवेचा घोट घेते. तिच्या आतड्याला हवेतला ऑक्सिजन शोषता येतो. झाकण आणि पाणी यांच्यात तीन-चार बोटं मोकळी जागा हवी. झाकण मात्र हवंच, कारण याच उसळीत मासा बाहेर पडू शकतो.

पैदाशीचा वेगळा टँक सुरुवातीला लागत नाही. त्याऐवजी एक अंड्यांचा डबा आणि पिल्लं वाढवायला एक छोटा टँक, एवढी तयारी अंडी दिसण्याआधी करून ठेवा.

तळाला काय घालावं? रंगीत खडे चालतील का?

नाही. बारीक, गोलसर वाळूच हवी. कोरी वाळूत अगदी डोळ्यांपर्यंत तोंड खुपसते, घास भरून घेते, खाणं ठेवते आणि वाळू कल्ल्यांतून बाहेर सोडते. हे एकदा जवळून बघा, मग खडे टाकायचं मनातही येणार नाही. खड्यांच्या फटींत अन्न अडकतं, कुजतं, आणि त्या घाणीतल्या जिवाणूंनी मिशा झडतात.

वाळू निवडताना दोन गोष्टी बघा. बांधकामावर हल्ली मिळते ती बहुतेक क्रश सँड असते, म्हणजे दगडाचा चुरा. तिचे कण टोकदार असतात, ती नको. कोकणातल्या किनाऱ्यावरची वाळू मऊ दिसते, पण तिच्यात शिंपल्यांचे तुकडे असतात आणि ते पाणी जड करतात. शंका असेल तर मूठभर वाळूवर व्हिनेगर ओता. बुडबुडे आले तर ती वाळू बाजूला ठेवा. फिल्टरसाठी मिळणारी बारीक वाळू किंवा अॅक्वेरियमची वाळू सोयीची. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा आणि दोन-तीन सेंटीमीटरच पसरा. जाड थराचा उपयोग काही नाही, त्रास आहे.

फिल्टर कोणता? आणि मासे लगेच सोडता येतील का?

स्पंज फिल्टर आणि एअर पंप. स्वस्त, शांत, आणि त्यात पिल्लू ओढलं जात नाही. शक्य असेल तर एकाच टँकमध्ये दोन स्पंज चालवा. पुढे पिल्लांच्या टँकसाठी त्यातला एक तयार मिळतो.

मासे लगेच सोडायचे नाहीत. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू स्पंजवर वसायला चार ते सहा आठवडे जातात. ओळखीच्या कुणाच्या निरोगी टँकमधला चालू स्पंज आणून नव्या टँकमध्ये पिळला तर बराच वेळ वाचतो. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले की मासे आणा.

नळाचं पाणी चालतं का? बोअरचं?

मुंबई-पुण्याचं नळाचं पाणी धरणाचं, बऱ्यापैकी मृदू. कोरीला ते मानवतं. फक्त क्लोरीन काढायला हवा. बादलीत २४ तास उघडं ठेवलं तर क्लोरीन उडून जातो, पण पाणीपुरवठ्यात क्लोरामाइन वापरत असतील तर तो असा जात नाही. म्हणून अँटिक्लोरीनचे थेंब हाताशी ठेवावेत.

बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. ब्राँझ आणि पेपर्ड त्यात जगतात, वाढतात, कधी अंडीही घालतात. पण अंडी उबण्याचं प्रमाण कमी वाटलं तर अर्धं बोअरचं आणि अर्धं आरओचं पाणी मिसळून बघा. नुसतं आरओचं पाणी वापरू नका, त्यात क्षार जवळजवळ नसतात. पीएच ६.५ ते ७.५ मध्ये असेल तर त्याच्या मागे लागू नका. रोज पीएच खालीवर करणाऱ्या औषधांपेक्षा स्थिर ७.६ केव्हाही बरा.

उन्हाळ्यात पाणी ३२ अंशांवर जातं. काय करू?

टँक पश्चिमेच्या भिंतीपासून आणि खिडकीपासून लांब, फरशीच्या जितका जवळ ठेवता येईल तितका ठेवा. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत हा उपाय फार चांगला चालतो, कोकणच्या दमट हवेत कमी. पाणी भराभर आटेल, ते रोज भरून काढा. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, म्हणून एअर पंप वाढवा आणि खाणं कमी करा.

एप्रिल-मेमध्ये पैदाशीच्या मागे न लागणं उत्तम. मासे सांभाळा, खाऊ घाला. त्यांचा हंगाम पुढे आहे.

पैदाशीआधी काय खायला घालावं?

अंडी बनतात ती आधीच्या तीन-चार आठवड्यांच्या खाण्यातून. तळाशी बुडणाऱ्या चांगल्या गोळ्या रोजच्या, आणि त्यावर आठवड्यातून चार-पाच वेळा जिवंत किंवा गोठवलेलं खाद्य. बारीक चिरलेलं गांडूळ हे माझ्या मते सगळ्यात उत्तम. कुंडीत, कंपोस्टमध्ये मिळतं, फक्त खतं-कीटकनाशकं मारलेल्या मातीतलं नको. एक रात्र ओल्या कागदावर ठेवलं की त्याचं पोट साफ होतं. गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या), आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे इवले जीव) हेही छान.

दुकानात मिळणारे जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) कोरी अधाशासारखे खाते, पण ते सहसा गटाराच्या पाण्यातून काढलेले असतात. वापरायचेच तर काही दिवस रोज धुऊन, आणि तेही मी टाळते. डासांच्या अळ्या पौष्टिक खऱ्या, पण शहरात बादली भरून अळ्या वाढवणं शेजाऱ्यांच्या जिवावर बेतू शकतं. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो, आणि महानगरपालिकेची नोटीस येते ती वेगळीच.

अंडी घालायला लावायचं कसं?

पावसाचा भास निर्माण करायचा. कोरीच्या मुलखात जोराचा पाऊस आला की नदीत थंड, मृदू पाणी येतं आणि हवेचा दाब उतरतो. तेच आपण करतो: संध्याकाळी अर्धं पाणी काढा आणि त्याजागी टँकपेक्षा तीन-चार अंश थंड, क्लोरीन काढलेलं पाणी हळूहळू सोडा. एअर पंप वाढवा. दुसऱ्या दिवशी काही झालं नाही तर पुन्हा करा. बर्फ थेट टँकमध्ये टाकायचा नाही. बादली आधी गार करून घ्या.

इथे आपल्याला एक देणगी आहे. जूनमध्ये मान्सून येतो तेव्हा हवेचा दाब खरोखर उतरलेला असतो आणि नळाचं पाणीही गार होतं. महिनोन्महिने ढिम्म असलेल्या टोळ्या पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्रीनंतर सकाळी काच अंड्यांनी भरून टाकतात. म्हणून मे संपता संपता चांगलं खाऊ घालायला सुरुवात करा आणि मोठ्या पाणीबदलासाठी दोन-तीन दिवसांच्या सततच्या पावसाची वाट बघा.

अंडी घालणार हे कळतं कसं?

टोळीची लगबग वाढते. नर मादीच्या मागे काचेवर वरखाली धावतात, तिच्या पाठीवरून मिशा फिरवतात. मग एक नर तिच्या तोंडासमोर आडवा होतो आणि छातीजवळच्या फिनने (पराने) तिच्या मिशा धरून ठेवतो. दोघं काही क्षण थरथरत स्थिर राहतात. याला टी-पोझिशन म्हणतात. या वेळी मादी नराचं वीर्य चक्क पिते. ते तिच्या आतड्यातून झपाट्याने जाऊन अंड्यांपाशी बाहेर पडतं. १९९५ मध्ये जपानी संशोधकांनी ब्राँझ कोरीवर हे दाखवून दिलं.

मादीने तोवर पोटाखालच्या फिनची ओंजळ केलेली असते आणि तिच्यात दोन-चार चिकट अंडी असतात. ती घेऊन ती जागा शोधत फिरते, तोंडाने काच पुसते आणि पोट टेकवून अंडी चिकटवते. मग पुन्हा नर, पुन्हा ओंजळ. हे काही तास चालतं. फिल्टरच्या प्रवाहाजवळची काच आणि पानांची खालची बाजू या त्यांच्या आवडत्या जागा. या वेळेत टँकमध्ये हात घालू नका, दिवा चालू-बंद करू नका.

अंडी तिथेच ठेवावीत की काढावीत?

काढा. मोठे मासे स्वतःची अंडी खातात, आणि बाकीचे सोबती असतील तर काही उरतच नाही. अंडी घालून झाल्यावर काही तासांनी त्यांचं कवच कडक होतं. मग ओल्या बोटाच्या टोकाने हलकेच गोल फिरवली की ती काचेवरून सुटतात, बोटालाच चिकटतात, आणि डब्याच्या भिंतीला लावता येतात. घाई केली तर फुटतात.

दोन-तीन लिटरचा पारदर्शक डबा घ्या, पाणी त्याच टँकमधलं घ्या, आणि बारीक एअरस्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा दगड) असा लावा की पाणी हलत राहील पण अंडी उधळणार नाहीत. डबा टँकमध्येच तरंगत ठेवला की तापमानाची वेगळी काळजी नको.

अंड्यांवर पांढरी बुरशी येते. उपाय?

न फळलेलं अंडं दुधी पांढरं होतं आणि त्यावर कापसासारखे तंतू येतात. फळलेलं अंडं हळूहळू तपकिरी, मधाच्या रंगाचं होतं आणि शेवटी आत हलणारा जीव दिसतो. पांढरी अंडी रोज ड्रॉपरने काढून टाका, कारण बुरशी शेजारच्या चांगल्या अंड्यावर चढते.

मिथिलीन ब्लू या निळ्या औषधाने पाणी फिकट आकाशी दिसेल एवढेच थेंब पुरतात. पिल्लं बाहेर आली की पाणी बदलून तो रंग काढायचा. त्याहून सौम्य उपाय म्हणजे देशी बदामाचं पान, ज्या झाडाची मोठी पानं लाल होऊन गळतात आणि जे मुंबईत, कोकणात गल्लोगल्ली दिसतं. झाडाखाली पडलेलं पूर्ण वाळलेलं तपकिरी पान धुऊन तळहाताएवढा तुकडा डब्यात टाका. पाणी चहाच्या रंगाचं होईल. त्यातल्या टॅनिनमुळे बुरशी आटोक्यात राहते. रस्त्याच्या धुरातलं, फवारणी झालेल्या बागेतलं पान घेऊ नका.

पिल्लं निघाली. आता काय खायला घालू?

पहिले दोन-तीन दिवस काहीही नाही. २४ ते २६ अंशांत तिसऱ्या ते पाचव्या दिवशी पिल्लं निघतात आणि पोटाशी असलेल्या पिवळ्या पिशवीवर जगतात. ती पिशवी दिसेनाशी झाली की मायक्रोवर्म (घरी वाढवता येणारे अगदी बारीक किडे) आणि नुकतीच उबलेली आर्टेमिया सुरू करा.

आर्टेमियासाठी एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम जाडं मीठ, पाव चमचा आर्टेमियाची अंडी, प्लॅस्टिकच्या बाटलीत जोराची हवा, वर दिवा. २६ ते २८ अंशांत साधारण एका दिवसात नारिंगी ठिपके नाचू लागतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा, कवचं वर येतात, जिवंत पिल्लं खाली जमतात. ती नळीने काढून बारीक कापडावर गोड्या पाण्याने धुवा आणि मग द्या. मायक्रोवर्मसाठी ओट्सची घट्ट लापशी, चिमूटभर यीस्ट आणि कुणाकडून तरी आणलेलं मायक्रोवर्मचं विरजण पुरे. कोरीची अंडी दिसल्यावर ही तयारी करायला गेलात तर उशीर होतो. ती आठवडाभर आधीच सुरू असायला हवी.

खाल्लेलं पिल्लू ओळखणं सोपं आहे. आर्टेमिया खाल्ली की पोट नारिंगी दिसतं. भिंग घेऊन बघा, पाठीमागून उजेड पाडा. सगळ्यांची पोटं रंगली नसतील तर खाणं त्यांच्यापर्यंत पोचत नाहीये.

दुसऱ्या आठवड्यात पिल्लं एकेक करून मरतात. का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि जवळपास नेहमी उत्तर तळाशीच असतं. पिल्लू दिवसभर पोट टेकून बसतं. न खाल्लेली आर्टेमिया तिथे काही तासांत मरून कुजते आणि काचेवर बोटाला बुळबुळीत लागणारा थर येतो. वरचं पाणी नितळ दिसतं, टेस्टमध्येही काही सापडत नाही, आणि पिल्लू मात्र त्या थरावर झोपलेलं असतं.

म्हणून पहिले दोन आठवडे तळ मोकळा ठेवा, वाळू नको. दिवसातून दोनदा थोडं थोडं खाणं द्या. दुसऱ्या खाण्याआधी एअर पंपाच्या बारीक नळीने तळ ओढून घ्या, स्वच्छ बोटाने किंवा मऊ स्पंजने काच पुसा, आणि काढलं तेवढंच पाणी मोठ्या टँकमधून भरा. ओढलेलं पाणी पांढऱ्या भांड्यात सोडा म्हणजे चुकून गेलेली पिल्लं दिसतात. दोन-चार रॅम्सहॉर्न गोगलगायी सोडल्या तर उरलेलं खाणं त्या संपवतात. गर्दी असेल तर दोन डबे करा.

तीन-चार आठवड्यांत पिल्लू सेंटीमीटरभर होतं, मिशा दिसू लागतात. मग ४० लिटरच्या आसपासच्या टँकमध्ये, तयार स्पंजसह आणि वाळूच्या पातळ थरावर त्यांना हलवा.

याच टँकमध्ये इतर मासे ठेवता येतील?

पैदास करायची असेल तर नको. गप्पी, टेट्रा कोरीला त्रास देत नाहीत, पण अंडी सोडत नाहीत. एंजेल तर पिल्लंही सोडणार नाही. चेरी श्रिंप चालतात.

मीठ, औषधं, जाळी?

मीठ आणि तांबं असलेली औषधं कोरीला सोसत नाहीत. इतर माशांसाठीचा डोस डोळे मिटून देऊ नका. जाळी शक्यतो वापरू नका. तिच्या फिनचे काटे जाळीत अडकतात आणि सोडवताना मोडतात. प्लॅस्टिकचा मग किंवा डबा पुढे धरून तिला आत हाकला. घाबरलेली कोरी विषारी स्राव सोडते, आणि पिशवीच्या थोड्या पाण्यात तो तिलाच मारू शकतो. प्रवासात एका पिशवीत कमी मासे आणि जास्त पाणी. पाणी फेसाळ दिसलं तर लगेच बदला.

वीज गेली तर?

मोठे मासे काही तास निभावतात, अंडी निभावत नाहीत. बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवा.

शंभर पिल्लं जगली तर करायचं काय?

आधीच ठरवून ठेवा. घरची, मिशा शाबूत असलेली कोरी दुकानदार सहसा आनंदाने घेतात, पैशाच्या नाही तर खाण्याच्या बदल्यात. ओळखीतल्या हौशी लोकांना सहा-सहाच्या टोळ्या द्या, एकेकटी देऊ नका. इतकं करूनही नको असतील तर पुढच्या वेळी सगळी अंडी गोळा करू नका.

नदी, विहीर, तळं, मंदिराचं कुंड, यांत एकही मासा सोडायचा नाही. असेच दक्षिण अमेरिकेतून आलेले सकर मासे लोकांनी टँकमध्ये मावेनासे झाले म्हणून सोडून दिले आणि आज ते देशभरातल्या पाणवठ्यांत पसरलेत. उजनीच्या जलाशयात जाळ्यात तेच सापडतात, त्यांच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि खायचे मासे कमी येतात. कोरी लहान असली तरी आपल्या ओढ्या-नाल्यांत तिला जागा नाही. टँकचं काढलेलं पाणीसुद्धा ओढ्यात न ओतता कुंड्यांना घाला. झाडांना ते चांगलं मानवतं, आणि नजरेतून सुटलेलं एखादं अंडंही त्यातून बाहेर जात नाही.